तुम्ही विचारलंत म्हणून: आईनं मारलं, त्यावर हसू कसं येतं?

"ताई, राग मानू नका, पण आईनं एवढं मारलं आणि तुम्ही ते लिहिता तेव्हा आम्हाला हसू येतं, हे कसं काय?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता विचारणाऱ्यानं "राग मानू नका" म्हटलं की पुढचं कळतंच. माझ्या लहानपणावरचा लेख आधी एका दिवाळी अंकात आला, मग त्याचं छोटं पुस्तक झालं, आणि तेव्हापासून लायब्ररीतल्या कार्यक्रमानंतर चहा घेताना, रात्री अकराला मेसेजमध्ये, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी मला ओळखून हेच विचारलं. काहींना खरंच खटकलेलं असतं. काहींना मात्र स्वतःच्या घरातलं लिहायचं असतं, आणि "मी हसले तर चालेल का" एवढंच त्यांना विचारायचं असतं. हे जास्त त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी लाटण्याचा प्रसंग सांगते, कारण सगळे त्याच्याबद्दलच विचारतात.

साल 1983, मी पाचवीत, धाकटा भाऊ दुसरीत. संध्याकाळी मी चपात्या लाटत होते, एक चपाती पोळपाटाला चिकटली आणि उचलताना फाटली. आईनं माझ्या हातातलं लाटणं ओढून घेतलं आणि पाठीत घातलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि चौथ्या वेळी लाटणंच मोडलं. आई थोडा वेळ त्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली आणि मग लाटणं मोडलं म्हणून मला परत मारलं, ह्या वेळी हातानं. कणीक तशीच पडलेली, बाबांची यायची वेळ झालेली, मग आईनं पदर सारखा केला आणि शेजारच्या काकूंकडे लाटणं मागायला गेली. मी दाराआडून ऐकत होते. काकूंनी विचारलं, "अहो, मोडलं कसं?" आई म्हणाली, "काय सांगू, हल्ली लाकूडच चांगलं येत नाही." काकू म्हणाल्या, "शिसवीचं घ्या वहिनी, जन्मभर मोडायचं नाही." आणि आई म्हणाली, "हो, आता शिसवीचंच आणते."

रात्री गोधडीत धाकट्यानं माझ्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाला, "ताई, आता शिसवीचं आणणारे." बास. आम्ही दोघं हसायला लागलो ते थांबेचना, आवाज बाहेर गेला तर आई उठणार आणि परत मार पडणार हे माहीत असूनही थांबेना, गोधडी तोंडात कोंबून हसलो, हसताना माझी पाठ ठणकत होती आणि ठणकते म्हणून अजून हसू येत होतं.

तर हसू कसं येतं ह्याचं पहिलं उत्तर हे, की ते तेव्हाच आलं होतं. चाळीस वर्षांनी लिहायला बसून मी विनोद शोधून आणला नाही. दहा वर्षांच्या आणि सात वर्षांच्या पोरांनी त्या रात्री जे केलं ते कागदावर उतरवलं, आणि ते हसणं वगळलं असतं तर ती रात्र खोटी लिहिली गेली असती.

दुसरं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. मराठीत मुलांना मारण्यावर विनोद नाहीत असं कोण म्हणतं? आपली भाषा त्यांनी भरलेली आहे. मार खाल्ला की "प्रसाद मिळाला", जास्त खाल्ला की "पूजा झाली", "चौदावं रत्न दाखवू का", "काय खाणार, धम्मकलाडू की चापटपोळी". हे सगळे विनोदच आहेत आणि सगळे मारणाऱ्याच्या बाजूनं केलेले आहेत. प्रसाद म्हटलं की देणारा देव होतो आणि घेणाऱ्यानं वर नमस्कारही करायचा. आमच्या नात्यातल्या लग्नांत जेवणं झाली की मामा हटकून सांगायचे, "हिला हिच्या आईनं एकदा काय धुतली होती, पोरगी कॉटखालनं बाहेर यायला तयार नाही!" सगळी पंगत हसायची आणि माझ्याकडे बघायची, मी हसते का ते बघायला. मी हसायचे. पंधराव्या वर्षी हसले, पंचविसाव्या वर्षी हसले, माझ्या स्वतःच्या डोहाळजेवणाला पण हसले. त्या हसण्यानं दरवेळी एकच काम केलं, झालं ते काही विशेष नव्हतं असं माझ्या तोंडून कबूल करून घेतलं.

म्हणून कुणी मला म्हणतं ना की विनोद केला की गोष्ट हलकी होते, तेव्हा मला ते पूर्ण खोटं वाटत नाही. मामांच्या विनोदानं ती हलकीच व्हायची. पण मामांच्या गोष्टीत कॉटखालच्या पोरीला हसायचं असतं, आणि माझ्या गोष्टीत "हल्ली लाकूडच चांगलं येत नाही" ह्या वाक्याला हसायचं असतं. प्रसंग एकाच घरातले, मार तोच, पण हसणाऱ्याची नजर कुणाकडे वळते ते बघा. लिहिताना मी प्रत्येक वाक्याला हेच तपासलं, की इथे वाचणारा कुणाला हसतोय. त्या लहान मुलीला हसत असेल तर वाक्य खोडलं, कितीही जमलेलं असू दे.

हे मला एकटीला सुचलं असंही नाही. जीनेट विंटरसन ह्या इंग्रज लेखिकेची 2011 ची आठवणींची वही आहे, 'व्हाय बी हॅपी व्हेन यू कुड बी नॉर्मल?' ह्या नावाची. लँकशायरमधल्या अ‍ॅक्रिंग्टन गावात तिला दत्तक घेतलेली आई तिला कोळशाच्या खोलीत कोंडायची, रात्रभर दाराबाहेर ठेवायची. सोळाव्या वर्षी एका मुलीवर प्रेम केलं म्हणून घर सोडायची वेळ आली, मी तिच्याबरोबर सुखी आहे असं तिनं सांगितलं, तेव्हा आईनं विचारलेला प्रश्न म्हणजेच हे नाव, नॉर्मल राहता येत असताना सुखी कशाला व्हायचं. लेखिकेनं ह्यात स्वतःचं काहीच घातलेलं नाही. आईचं वाक्य उचललं आणि कव्हरवर छापलं. मला ते वाचून आईचं लाटण्याचं वाक्य आठवलं आणि मी बराच वेळ पुस्तक मिटून बसून होते, कारण तोपर्यंत मला वाटायचं की ते वाक्य फक्त माझ्याकडेच आहे.

आणि जेनेट मॅकर्डी. 'आयकार्ली' ह्या मुलांच्या अमेरिकन सिरियलमधली बालकलाकार. आई 2013 मध्ये कॅन्सरनं गेली आणि 2022 मध्ये हिचं पुस्तक आलं, 'आय अ‍ॅम ग्लॅड माय मॉम डाइड', म्हणजे आई मेली ते बरं झालं, आणि कव्हरवर ही स्वतः हातात गुलाबी अस्थिकलश घेऊन उभी, कलशातनं रंगीत कागदाचे तुकडे बाहेर आलेले. नावावरनंच कितीतरी जण हादरले. पण आत बघा तिनं काय केलंय, सगळं वर्तमानकाळात लिहिलंय, ज्या वयाचा प्रसंग त्या वयाच्या मुलीच्या आवाजात. अकराव्या वर्षी आई तिला कमी खायला, कॅलरी मोजायला शिकवते आणि पोरगी खूष, कारण आता आपलं आणि आईचं एक गुपित झालं. पोरीला आई जगातली सगळ्यात भारी वाटतेय आणि वाचणाऱ्याला मात्र सगळं दिसतंय, ह्या दोन्हीच्या मधे जे हसू फुटतं ते घशातच अडकतं. तिनं आईला एक शिवी दिली असती तर एवढं लागलं नसतं.

हे वाचलं की काही जण म्हणतात, हे तिकडचं आहे, आपल्यात आईवडलांबद्दल असं लिहीत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये आला. वडलांना सोवळ्याचं वेड, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात चालायची नाही, त्यात अख्खं घर जेरीला आलेलं, आणि बाईंनी ते असं लिहिलंय की आपण हसतो आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचे हात दिवसभर पाण्यात असणार हे लक्षात येतं. त्यांच्या वडलांना आणि माझ्या आईला मी एका पारड्यात घालत नाही. पण घरातल्या मोठ्या माणसाचा जाच हसत लिहिणं मराठीत माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, आणि अगदी आजीच्या ओट्यावर बसून सांगितल्यासारखं आहे.

माझं पहिलं लिखाण असं नव्हतंच. सत्तर-ऐंशी पानं लिहिली होती, वेदना, अंधार, जखमा, कोवळं मन, असले शब्द पानापानावर. धाकट्याला वाचायला दिली. तो चार दिवसांनी आला आणि म्हणाला, "ताई, हे वाचून तुझी कीव येते. पण ह्यात आई कुठंय? ही कोणतीही बाई असू शकते." मला राग आला होता, खूप आला होता. मग एकदा सहज लाटण्याचं तेवढं दीड पान लिहून पाठवलं. त्यात एकही विशेषण नव्हतं, कोण काय म्हणालं एवढंच. रात्री त्याचा फोन आला, काही न बोलता तो नुसता हसत होता, मग हसणं थांबलं आणि बराच वेळ दोघंही गप्प होतो. शेवटी म्हणाला, "हीच. हीच ती." आईचा पदर सारखा करणं, तिचा आवाज, काकूंसमोरचा तिचा तो व्यवहारी चेहरा, हे सगळं त्या विनोदामुळेच आलं होतं, कारण विनोदाला माणूस नेमका लागतो. रडताना नुसतं दुःख लिहून भागतं.

सगळ्याच गोष्टींवर हसता येतं असं मी म्हणत नाही. माझ्या पुस्तकात सात ओळींचं एक प्रकरण आहे, एका उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल, त्यात विनोद नाही आणि कधी येणारही नाही. काही जणांनी सुचवलं, बाकीच्याशी सूर जुळत नाही, काढून टाका. नाही काढलं. ज्या ठिकाणी तेव्हा हसलो नव्हतो त्या ठिकाणी आता हसून दाखवायचं म्हणजे परत मामांच्या पंगतीत जाऊन बसायचं.

आणि अजून एक, हे फार महत्त्वाचं आहे. मागच्या वर्षी एका मुलीचा मेसेज आला, अकरावीतली. तिनं वडलांच्या पट्ट्यावर विनोदी लेख लिहिला होता, खरंच छान लिहिला होता, आणि खाली लिहिलं होतं, "हे कालचंच आहे." मी त्या लेखाबद्दल एक अक्षर बोलले नाही. तिला 1098 नंबर दिला, चाइल्डलाइनचा, फुकट आहे आणि रात्रीसुद्धा लागतो, आणि तिच्या मावशीशी बोलले. आम्ही गोधडीत हसलो त्यानं आम्ही ती रात्र काढली, पण दुसऱ्या दिवशीचा मार काही त्यानं टळला नाही. आपल्याकडे हे घराघरात आहे, 2007 मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अहवाल केला त्यात तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांतल्या 88.6 टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. त्यामुळे ज्यांच्या घरात लाटणं अजून चालू आहे त्यांनी आधी कुणाला तरी सांगा. लिहिणं कुठं पळून जात नाही.

"आई असती तर छापलं असतंत का?" हेही विचारतात. आई 2014 मध्ये गेली, पुस्तक त्यानंतरचं, तेव्हा खरं उत्तर आहे की नसतं छापलं. तिची शेवटची दोन वर्षं मी तिला अंघोळ घातली, वेणी घातली, आणि त्या दोन वर्षांत तिच्यावर माया करताना मी काही विसरलेही नव्हते. पुस्तकात तिच्यावरची माया पण आहे, ती कुणाला दिसत नसेल तर मला वाईट वाटतं.

पुस्तक आल्यावर धाकट्यानं फक्त एक चूक काढली. म्हणाला, "गोधडी तोंडात कोंबून हसलो असं लिहिलंयस ते बरोबर नाही. तू कोंबली नव्हतीस. मी मोठ्यानं हसायला लागलो होतो, तू गोधडीचा कोपरा माझ्या तोंडात धरलास आणि दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटत राहिलीस, आई बाथरूमला जाऊन परत झोपेपर्यंत." मला ह्यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं. वर सांगताना मी जुनंच सांगितलं, कारण मला अजून तसंच आठवतं. पण दुसऱ्या आवृत्तीत त्याचं वाक्य आहे.