गुण्या पडला होता

आमच्या लाकूडकाम करणाऱ्या सभासदांच्या मंडळात अवजारांची एक सामाईक खोली आहे आणि गेली काही वर्षे तिची किल्ली व नोंदवही माझ्याकडे आहे. लांब क्लॅम्प, खाच पाडायचा रंधा, लाकडातील ओल मोजायचे यंत्र, मोठा गुण्या (काटकोन आखायचे आणि तपासायचे अवजार), निरनिराळ्या रुंदीच्या पटाश्या अशी अवजारे तिथे आहेत. यांतील बरीचशी एकेकट्या सभासदाला वर्षातून दोन-तीनदाच लागतात, पण ज्या दिवशी लागतात त्या दिवशी त्यांच्यावाचून काम अडून राहते, म्हणून ती आम्ही वर्गणीतून घेतली. नेण्याची पद्धत साधी आहे. वहीत नाव, नेल्याची आणि परतीची तारीख, सही, आणि थोडी अनामत.

या पद्धतीत आमचा एक नियम होता आणि तो इतका स्वाभाविक वाटत असे की त्यावर कोणी कधी बोट ठेवले नाही. अवजार बिघडले तर ज्याच्या हातून बिघडले त्याच्या अनामतीतून दंड कापायचा. हा नियम चुकीचा होता, असे आज माझे ठाम मत आहे आणि ते एका गुण्यामुळे झाले.

एक सभासद मोठी पेटी करत होते. फळ्या ४५० मिलिमीटर रुंद, कोपऱ्यांना डव्हटेल जोड, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत अडकवून केलेला जोड. आखणी काळजीपूर्वक केलेली, करवत धारदार, तरीही जोड बसवताना एका बाजूला फट राहू लागली. त्यांनी दोष स्वतःच्या हाताला दिला आणि दोन फळ्या पुन्हा कापल्या. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या एका सभासदाने दाराची चौकट जोडली, तर तिचा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटरांनी जास्त भरला, म्हणजे चौकट काटकोनात बसली नव्हती. त्यांनीही आधी स्वतःलाच दोष दिला. वहीची पाने चाळताना माझ्या लक्षात आले की दोघांनी तोच मोठा गुण्या नेला होता.

गुण्याची परीक्षा घ्यायला दुसरा गुण्या लागत नाही. सरळ कड असलेली एक फळी घ्यावी, गुण्याचा दांडा त्या कडेला घट्ट टेकवून टोकदार चाकूने पात्यालगत एक रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. आमच्या गुण्याच्या रेघा खाली एका बिंदूत मिळाल्या आणि वर जाता जाता एकमेकींपासून दूर सरकत गेल्या. १५० मिलिमीटरांच्या टोकाशी त्यांच्यात जवळजवळ एक मिलिमीटर अंतर पडले होते. उलटल्यामुळे चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्या तेवढ्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरने ढळला होता. ऐकायला हे नगण्य वाटते, पण ४५० मिलिमीटरांच्या फळीवर तीच चूक दीड मिलिमीटर होते आणि दीड मिलिमीटरची फट डव्हटेल जोडात दुरूनही दिसते.

त्याआधी तो गुण्या नेलेल्या प्रत्येकाला मी विचारले. तिसऱ्या दिवशी एक तरुण सभासद स्वतः खोलीवर आला आणि उंबऱ्यातच थांबून म्हणाला, “ताई, माझ्या हातून तो फरशीवर पडला होता. पुसून बघितला, कुठे पोचा दिसला नाही. आणि मला वाटलं, सांगितलं तर दंड तर होईलच, पण पुढे मला काही नेऊ देणार नाहीत.”

त्याच्यावर रागवायला माझ्याकडे तोंड नव्हते. वहीत ‘परतीची तारीख’ असा रकाना होता, पण ‘परत करताना काय झाले होते’ असा रकाना नव्हता, आणि सांगणाऱ्याला आम्ही फक्त दंडच देऊ केला होता. न सांगितल्याने जे नुकसान झाले त्याची किंमत दोन वेगळ्याच माणसांनी लाकूड आणि वेळ घालवून मोजली होती.

पुढच्या बैठकीत मी दंड काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. विरोध झाला आणि तो निराधार नव्हता. भरपाईची भीती गेली की लोक निष्काळजी होतील, अशी शंका काही ज्येष्ठांना होती. माझे म्हणणे इतकेच होते की निष्काळजीपणाने मोडलेले अवजार डोळ्यांना दिसते, पण गुपचूप ढळलेला गुण्या दिसत नाही आणि आपल्याला धोका त्या न दिसणाऱ्या बिघाडाचा आहे. बरीच चर्चा होऊन असे ठरले की सांगितलेल्या बिघाडाचा खर्च मंडळ उचलेल. दंड राहील तो फक्त उशिरा परत करण्याला. वहीत नवा रकाना आला. तो रिकामा सोडता येत नाही, काही झाले नसेल तर ‘ठीक’ असे हाताने लिहावे लागते.

नव्या रकान्यातली पहिली मोठी नोंद माझीच आहे. रंध्याच्या पात्याचा टवका काढण्यासाठी मी ते फिरत्या सहाणेवर धरले, मध्ये पाण्यात बुडवायला क्षणभर उशीर केला आणि धारेचा एक कोपरा निळा पडलेला दिसला. साध्या कार्बन पोलादावर सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग चढतो आणि ३०० च्या आसपास निळा. निळा दिसला की तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरले असे समजावे. तिथे धार लागते पण टिकत नाही, दोन-चार हात मारले की बोथट होते. मी लिहिले: ‘डावा कोपरा तापला, निळा भाग थंड हाताने घासून काढला, पाते तीन मिलिमीटर आखूड झाले.’ हे लिहिताना मला संकोच वाटला, हे मान्य केले पाहिजे. पण ते पान उघडून नवे सभासद जेव्हा विचारतात की निळा पडला म्हणजे नेमके काय झाले, तेव्हा मी त्यांना पाते हातात देऊन सांगू शकते.

त्या रकान्यातून एक गोष्ट आपोआप समोर आली, जी मला इतकी वर्षे दिसली नव्हती. सामाईक पटाश्या इतक्या लवकर का झिजतात? नोंदी वाचल्यावर कळले की एक सभासद धार २५ अंशांवर लावतो, दुसरा ३० वर, तिसरा खाच खोदायची म्हणून ३५ वर. आणि प्रत्येक जण आधीच्या माणसाचा कोन मोडून आपला कोन काढताना निष्कारण पोलाद खातो. आता प्रत्येक पटाशीच्या मुठीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर कोन लिहिला आहे. नेणाऱ्याने तोच कोन राखायचा, वेगळा हवा असेल तर दुसरी पटाशी न्यायची. क्लॅम्पच्या दांड्यावर सुकलेला गोंद आणि घामट बोटांनी एका रात्रीत धरणारा गंज यांचा बंदोबस्त त्या मानाने सोपा निघाला: कपाटाशेजारी एक बोथट खरवडणी आणि तेलात भिजवलेले फडके ठेवले, आणि लोक ते न सांगता वापरू लागले.

गुण्या आम्ही टाकून दिला नाही. ज्याच्या हातून तो पडला होता, त्यानेच बारीक कानशीने पात्याची कड घासून तो सरळ केला. चार-पाच हात मारले की फळीवर दोन रेघा ओढायच्या, बघायचे, पुन्हा घासायचे, असे करत त्याची दोन संध्याकाळ गेली. ती रेघारेघांची फळी अजून गुण्याच्या खिळ्याखाली टांगलेली आहे. गुण्या नेणारा प्रत्येक जण नेताना एकदा आणि परत आणल्यावर एकदा तिच्यावर दोन रेघा ओढतो आणि मगच वहीत ‘ठीक’ लिहितो.