तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेनचा सिनेमा इतका उघडा का?

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या घरच्यांसाठी एखादा स्पॅनिश सिनेमा लावते. सिनेमा संपून दिवे लागले, की चपला घालता घालता कुणीतरी हमखास थांबतं. "मॅडम, राग मानू नका, पण हे लोक इतकं उघडंवाघडं का दाखवतात? त्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही का?" मागच्या खेपेला हे विचारलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ते नातीला सोबत म्हणून आले होते. मी घाईघाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि रात्रभर ते मनाला लागून राहिलं. काका, प्रश्न चांगला होता, माझं उत्तर तोकडं होतं. म्हणून आता बसून लिहिते आहे.

आधी झाकपाक काय होती ते सांगते. 1939 मध्ये यादवी युद्ध जिंकून लष्करी हुकूमशहा फ्रांको सत्तेवर आला आणि 20 नोव्हेंबर 1975 ला मरेपर्यंत हलला नाही. तेवढ्या काळात थिएटरात काय दिसेल आणि काय ऐकू येईल हे सेन्सॉरची समिती ठरवायची. 1941 मध्ये परदेशी सिनेमे स्पॅनिशमध्ये डब करण्याची सक्ती झाली आणि पात्रांच्या तोंडी हवं ते घालायची सोय झाली. 'मोगांबो' या हॉलिवूडपटात नवऱ्याबरोबर आफ्रिकेत आलेली बाई शिकाऱ्याच्या प्रेमात पडते. विवाहित स्त्रीचं परपुरुषावर प्रेम कसं दाखवायचं? स्पेनमध्ये डबिंग करताना त्या नवरा-बायकोला बहीण-भाऊ करून टाकलं. आता ही भावंडं पडद्यावर ज्या जवळिकीने वावरत होती, त्याचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नव्हतं. व्यभिचार झाकायला गेले आणि त्याहून भयंकर काहीतरी दाखवून बसले.

दिग्दर्शकांनी यातूनच तिरकं बोलायची कला कमावली. बुन्युएलच्या 'विरिदियाना'त (1961) नन व्हायला निघालेली मुलगी शेवटी रात्री नात्यातल्या भावाच्या खोलीचं दार ठोठावते, असं मूळ पटकथेत होतं. सेन्सॉरने हरकत घेतली. मग बुन्युएलने भाऊ, मोलकरीण आणि ती अशा तिघांना पत्ते खेळायला बसवलं. कुणी कुणाला हात लावत नाही, फक्त पत्ते पिसले जातात. आणि पाहणाऱ्याला कळून चुकतं, की आता या घरात तिघं मिळून राहणार आहेत. सिनेमाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने त्याच्यावर झोड उठवली आणि स्पेनमध्ये त्याच्यावर बंदी आली. स्पेनच्या लोकांना तो थेट 1977 मध्ये बघायला मिळाला.

फ्रांको आजारी असताना, 1975 च्या उन्हाळ्यात, कार्लोस साउरा 'क्रिआ कुएर्वोस'चं चित्रण करत होते. हे एका म्हणीचे पहिले शब्द आहेत: कावळे पाळा, ते तुमचेच डोळे फोडतील. आपण सापाला दूध पाजणं म्हणतो, तसंच. आना नावाची लहान मुलगी आहे, बाप लष्करी अधिकारी. रात्री तो मरतो. मुलगी शांतपणे त्याच्या खोलीतला दुधाचा पेला उचलते, स्वयंपाकघरात नेऊन धुते आणि ओळीने ठेवलेल्या पेल्यांत असा मिसळून टाकते, की कुठला पेला बापाचा होता हे ओळखू येऊ नये. तिला वाटत असतं, विष आपणच दिलं. संपूर्ण सिनेमात फ्रांकोचं नाव नाही. मी हे दृश्य वर्गात किमान वीस वेळा दाखवलं असेल, अजून त्या पेल्यांच्या ओळीपाशी माझा श्वास अडकतो. 2022 मध्ये आपल्या गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात साउरांना जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. त्यांच्या वतीने मुलीने तो स्वीकारला आणि तीन महिन्यांच्या आत ते गेले.

नोव्हेंबर 1977 मध्ये सरकारी फर्मानाने सेन्सॉरशिप उठली, आणि तुम्ही म्हणता तो उघडेपणा तेव्हा खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्या लाटेला तिथे 'देस्तापे' म्हणतात, म्हणजे झाकण काढणं. अशा सिनेमांसाठी 'एस' नावाचा वेगळा शिक्का होता: हा चित्रपट प्रेक्षकांच्या भावना दुखावू शकतो. शिक्का बघून गर्दी व्हायची. त्यातले बहुतेक सिनेमे टाकाऊ आहेत, हे मी मान्य करते. बाईला उघडं करायचं आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं, असा तो मामला होता. ज्या देशात मे 1975 पर्यंत विवाहितेला नवऱ्याच्या परवानगीवाचून नोकरी धरता येत नव्हती, बँकेत खातं काढता येत नव्हतं, तिथे बाईचे कपडे तेवढे चटकन उतरले. बायकांचा व्यभिचार गुन्ह्यांच्या यादीतून निघायला 1978 उजाडलं आणि घटस्फोटाचा कायदा 1981 मध्ये आला.

काका, मला सांगायचं आहे ते इथेच आहे. नागड्या अंगाला परवानगी सगळ्यात आधी मिळाली, कारण त्याने कुणाची खुर्ची हलत नव्हती. खरा चिथावणीखोर सिनेमा वेगळाच होता आणि त्याला पुढची कितीतरी वर्षं सोसावं लागलं.

पिलार मिरो या दिग्दर्शिकेने 1979 मध्ये 'एल क्रिमेन दे क्वेंका' केला. गोष्ट खरी आहे. 1910 मध्ये क्वेंका प्रांतात एक मेंढपाळ नाहीसा झाला. दोन गावकऱ्यांवर खुनाचा आळ आला. गुआर्दिया सिव्हिल, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलिसांनी, त्यांचे इतके हाल केले की त्यांनी न केलेला खून कबूल केला. त्यांनी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली. आणि 1926 मध्ये तो मेंढपाळ जिवंत निघाला! त्याला लग्न करायचं होतं आणि त्यासाठी गावच्या पाद्र्याकडून बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. मिरोने छळ दाखवताना कॅमेरा बाजूला वळवला नाही. सेन्सॉर उठून दोन वर्षं झाली होती, नवी राज्यघटना आली होती, तरी लष्कराने सिनेमा जप्त केला आणि मिरोवर लष्करी न्यायालयात खटला गुदरला.

सिनेमा कपाटात बंद असताना 23 फेब्रुवारी 1981 ला गुआर्दिया सिव्हिलचा एक लेफ्टनंट कर्नल, डोक्यावर ती चकचकीत काळी तीनकोनी टोपी आणि हातात पिस्तूल, थेट संसदेत घुसला. गोळ्या छतात लागल्या, खासदार बाकांखाली दडले. ते बंड दुसऱ्या दिवशी फसलं. त्याच ऑगस्टमध्ये मिरोचा सिनेमा सुटला आणि वीस लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला. तीच टोपी त्यांनी सहा महिन्यांपूर्वी टीव्हीवर संसदेत पाहिली होती. 1982 मध्ये समाजवादी निवडून आल्यावर सरकारने चित्रपट खातं मिरोकडे सोपवलं, आणि 'एस'चा शिक्का तिच्याच कारकिर्दीत गेला.

मी 2009 मध्ये शिष्यवृत्तीवर माद्रिदला होते, तेव्हा एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरात खोली घेऊन राहायचे. त्या मूळच्या क्वेंका प्रांतातल्याच. मी मनात त्यांना आजी म्हणायचे. थंडीत आम्ही दोघी त्यांच्या गोल टेबलाशी बसायचो. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड असायचं, खाली शेगडी, आणि पाय त्या कापडात घ्यायचे. एका रात्री टीव्हीवर हाच सिनेमा लागला. छळाचा प्रसंग सुरू झाला तशा आजी रिमोटकडे वळल्या. मला वाटलं, बघवत नाही म्हणून चॅनल बदलतील. त्यांनी चॅनल बदललं नाही. फक्त आवाज कमी केला, अगदी कमी, आणि शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीकडे एकदा पाहिलं. मग ओठ हलतील न हलतील अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या मामाला असंच नेलं होतं." फ्रांकोला जाऊन तेव्हा 34 वर्षं झाली होती. शेजारी राहत होतं कोण, तर कॉलेजात जाणारी दोन पोरं.

त्या रात्रीपासून स्पेनचा सिनेमा मी डोळ्यांइतकाच कानांनी बघते.

एलॉय दे ला इग्लेसियाचे सिनेमे अनेकांना भडक वाटतात, आणि आहेतच. त्याने 1978 मध्ये 'एल दिपुतादो' केला: समलिंगी असलेला डावा खासदार आणि त्याला ब्लॅकमेल करणारे उजवे. तेव्हा समलैंगिकता स्पेनच्या कायद्याने 'सामाजिक धोका' ठरवलेली होती, तेवढ्यावरून माणसाला डांबता यायचं. 1983 च्या 'एल पिको'त त्याने बिल्बाओमधल्या गुआर्दिया सिव्हिलच्या कमांडरच्या मुलाला हेरॉइनचं व्यसन लावलं. नव्या लोकशाहीत वाढणारी पोरं दंडात सुया टोचून मरत होती, तेव्हा हे बोलणारे फार थोडे होते. त्याचा आवडता नट, 'एल पिको'चा नायक, 1992 मध्ये याच व्यसनाने गेला.

आणि 'रोसीओ'. फेर्नांदो रुईस व्हेर्गारा याचा 1980 चा माहितीपट, आंदालुसियातल्या आल्मोंते गावच्या मेरीमातेच्या यात्रेवरचा. आपल्या पंढरीच्या वारीसारखी लाखोंची श्रद्धा तिच्याशी जोडलेली. पण मध्येच गावातला एक म्हातारा 1936 मध्ये, यादवी युद्धात, गावात किती माणसं मारली आणि ती कुणी मारली हे सांगतो. त्यात एक नाव येतं. त्या घराण्याने फिर्याद केली, कोर्टाने दिग्दर्शकाला दोषी ठरवलं आणि तो भाग कापल्याशिवाय सिनेमा दाखवायला मनाई केली. ही गोष्ट लोकशाहीतली आहे. त्यात एकही उघडं अंग नाही. व्हेर्गारा पोर्तुगालला निघून गेला आणि पुढे त्याच्या हातून सिनेमा झाला नाही.

दिग्दर्शक आल्मोदोवारचं नाव तुमच्या नातीने घेतलं होतं. तो सरकारी टेलिफोन कंपनीत कारकून होता, तेव्हा जमेल तसे पैसे गोळा करून त्याने 'पेपी, लुसी, बोम' (1980) केला. फ्रांको जणू झालाच नाही असं धरून आपण सिनेमे करतो, असं तो म्हणायचा. आधी मला तो पळपुटेपणा वाटायचा. आता वाटतं, हुकूमशहाला आपल्या गोष्टीत पायही ठेवू द्यायचा नाही, हाही बदला घ्यायचा एक मार्ग होता. पण तोच आल्मोदोवार सत्तरीत पोचला आणि 2021 मध्ये त्याने 'मादरेस पारालेलास' केला. एका बाईला यादवी युद्धात मारून गावाबाहेरच्या खड्ड्यात पुरलेल्या पणजोबांची हाडं काढून घ्यायची आहेत. शेवटी खड्डा उकरला जातो. सांगाडे जसे पडले आहेत तसेच, त्याच जागी, जिवंत माणसं आडवी होतात आणि कॅमेरा वरून शांतपणे बघत राहतो.

काका, पुढच्या महिन्यात मी तोच लावते आहे. थोडा उघडेपणा त्यातही आहे, आधीच सांगून ठेवते. पण शेवटच्या पाच मिनिटांआधी उठू नका. नातीला पुढच्या रांगेत जागा ठेवायला सांगितलं आहे.