पंच मामा

क्रिकेटच्या नियमांतला दुसरा नियम पंचांचा. दोन पंच, दोन टोकांना, आणि त्यांनी सामना चालवायचा तो पूर्ण नि:पक्षपातीपणे, असं त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय. पंचांच्या परीक्षेला बसलो तेव्हा हे वाक्य मी एकदा वाचलं आणि पान उलटलं. माझा सगळा जीव पायचीतच्या नियमात अडकला होता. खरं अवघड तेच आहे, असं तेव्हा वाटायचं.

त्याला आता १९ वर्षं झाली. सोमवार ते शुक्रवार बँकेत, आणि सुट्टीच्या दिवशी आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, जिथे बोलावतील तिथे. पावसाळ्यात कांगा लीगच्या सामन्यांत चिखलात उभं राहायचं, डिसेंबरात शाळकरी मुलांच्या स्पर्धा. डाव्या हातात सहा खडे घेऊन उभा राहतो. एक चेंडू पडला की एक खडा उजव्या हातात. काउंटर मिळतो बाजारात, पण मला खडेच बरे वाटतात.

सांगायचंय ते सहा वर्षांपूर्वीच्या एका सामन्याबद्दल. चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. नेमलेला पंच आला नाही, म्हणून आयोजकांनी सकाळी सातला मला फोन केला. मैदानावर पोचल्यावर कळलं की एका संघात माझा भाचा आहे, ताईचा मुलगा. मी तसं सांगितलं, पण दुसरं कुणी मिळेना आणि सामना तर सुरू करायचा होता. तंबूपाशी समोरच्या संघाचे पालक उभे होते. त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं, "झालं, मामाच पंच आहे." एवढंच. रागानेही म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य मी कोटाच्या खिशात घालून खेळपट्टीवर गेलो.

भाचा ४१ वर खेळत होता. मी गोलंदाजाच्या टोकाला. डावखुरा फिरकीवाला, ओव्हर द विकेट. चेंडू लेग स्टंपच्या, म्हणजे फलंदाजाच्या पाठीकडच्या यष्टीच्या, बाहेर पडला, वळला आणि अगदी स्टंपसमोर पॅडवर आदळला. यष्टिरक्षकासकट सगळे ओरडले. दिसायला तो सरळ आउट दिसतो. पण लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर फलंदाज पायचीत होत नाही, मग तो मधल्या यष्टीवर जाणारा असला तरी. हे मी नवीन मुलांना शिकवतो. आणि टप्पा मी पाहिला होता. स्वच्छ पाहिला होता.

माझं बोट वर गेलं.

पोरगं क्षणभर माझ्याकडे बघत राहिलं आणि बॅट काखेत मारून निघालं. तंबू गाठायला त्याला चाळीसेक पावलं लागली असतील. बदल लगेच केला तर पंचाला स्वत:चा निर्णय बदलता येतो, हेही नियम क्रमांक दोनमध्येच आहे आणि तेही मला पाठ होतं. ती चाळीस पावलं मी गप्प उभा राहिलो. षटक संपल्यावर खेळपट्टीच्या त्या टोकाला जाऊन पाहिलं. चेंडूचा ठसा मातीत होता, लेग स्टंपच्या रेषेपासून चार बोटं बाहेर.

सामना संपल्यावर त्याच पालकांपैकी एक गृहस्थ माझ्याजवळ आले, हात हातात घेऊन म्हणाले, "मानलं तुम्हाला. रामशास्त्री आहात." आयुष्यात कुणाच्या कौतुकाची इतकी लाज वाटली नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आपण फार सहज घेतो. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ च्या ऑगस्टमध्ये झाला, शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी ठरवलं. आपल्या लक्षात राहतं ते एवढंच, की सत्तेवर बसलेल्या माणसाला त्यांनी तोंडावर सुनावलं. आधीची चौकशी आपण विसरतो. कुणाला सुनावलं यावरून न्याय मोजायची सवय लागली, की आपल्याच माणसाला बाद देणारा पंच आपोआप थोर ठरतो. त्या दिवशी मीही तेच नाणं चालवलं.

पक्षपात हा शब्द पाहा. पक्ष म्हणजे बाजू, पात म्हणजे पडणं. 'आपला तो बाब्या' म्हणून आपल्या बाजूला पडणं सगळ्यांना ओळखू येतं. पण आपलेपणाचा आळ नको म्हणून पलीकडे पडणं, हेही पडणंच. आणि ते अधिक वाईट, असं माझं मत आहे, कारण त्याला टाळ्या मिळतात आणि त्याची किंमत जो आपल्याला काही बोलू शकत नाही तोच मोजतो.

पूर्वी कसोटी सामन्यांत यजमान देशाचेच पंच असायचे आणि पाहुणा संघ कुरकुरायचा. १९८६ मध्ये इम्रान खानच्या आग्रहामुळे लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीला भारताचे दोन पंच उभे राहिले, व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तिसऱ्या देशाचे, असा नियमच झाला. तो चांगला होता, संशयाला जागा कमी झाली. पण त्याने पंचाचा पासपोर्ट बदलला. अपील झाल्यावर पंच चेंडू बघतोय की लोक आपल्याला काय म्हणतील हे बघतोय, ते पासपोर्टवर कुठे लिहिलेलं असतं?

मला शिकवणारे जुने पंच म्हणायचे, "टप्पा, पॅड, यष्टी. तीनच प्रश्न विचार, त्याच क्रमाने, आणि मनात तीन आकडे मोजल्याशिवाय हात हलवू नकोस." ओरडणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, हेही ते सांगायचे. मी त्या दिवशी पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरही थांबलो नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो. भाचा जेवत होता. त्याने ताटातून मान वर केली आणि विचारलं, "मामा, टप्पा कुठे होता?"

"बाहेर," मी म्हणालो. "लेगच्या बाहेर. चुकलं माझं. आणि दिसत असून चुकलं."

तो काही बोलला नाही. ताईने त्याला भात वाढला.

त्यानंतर त्याचा सामना मी टाळत आलो. मागच्या हिवाळ्यात पुन्हा तशीच वेळ आली, दुसरा पंच नव्हता. तो आता कॉलेजात आहे. नाणेफेकीच्या आधी दोन्ही कप्तानांना नातं सांगितलं, दोघेही हो म्हणाले. तो १२ वर असताना पुन्हा एक डावखुरा फिरकीवाला, पुन्हा पॅडवर, पुन्हा सगळे ओरडत माझ्यासमोर. टप्पा बाहेर होता. मी तीन मोजले आणि म्हटलं, "नॉट आउट." कव्हरमधून कुणीतरी म्हणालं, "मामा आहे ना." मी डाव्या हातातला खडा उजव्या हातात घेतला. षटकाचे दोन चेंडू राहिले होते.