रश्श्यासाठी लाइट

आईच्या तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ काढायचाय आणि स्वयंपाकघरात एकच ट्यूब, तीबी डोक्यामागं. म्हणून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली. दर तीन एलईडींवर कापायची खूण असते, तिथं कात्री चालवली आणि तुकडे जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या परातीत चिकटवले. प्लसला प्लस, मायनसला मायनस. एक तुकडा उलटा जोडलेला, तो काय पेटेना. अर्धा तास मी अडॅप्टरला शिव्या घालत बसलेलो. वरून बटर पेपर.

लागला की! नाद खुळा उजेड. पण कॅमेऱ्यात बघतोय तर काळे पट्टे सरकायला लागलेले. दोषी निघाला डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायला लावलेलं बटण. हा स्वस्तातला डिमर लाइट भराभर चालू-बंद करतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला बरोबर कळतं. काढून टाकला. उजेड जास्त वाटला तर परात मागं सरकवायची.

बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटासाठी कोल्हापुरात कृत्रिम दिवे वापरले होते. आम्ही शंभर वर्षांनी परातीत अडकलोय.

आईनं व्हिडिओ बघितला. "रस्सा आजारी का दिसतोय रं?"

पट्टी कूल व्हाइट, म्हणजे निळसर पांढरी घेतली ना. उद्या अर्धी वॉर्म, पिवळसर लावतो. तोवर तिला परात परत पाहिजे म्हणे.