डोक्यावरचा तवा

लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, परवा तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही एकच प्रश्न: "तुम्ही सनरूफला ती उष्णता अडवणारी फिल्म लावलीत ना? फरक पडतो का हो?"

पडतो. पण दुकानदार सांगतो तेवढा नाही, आणि सांगतो तिथे तर नाहीच.

गाडी घेतली डिसेंबरात, तेव्हा ते काचेचं छत म्हणजे निव्वळ कौतुक होतं. एप्रिलमध्ये आईला दुपारी डॉक्टरकडे न्यायचं होतं, कासारवडवलीहून माजिवड्याला. मानपाड्याला अडकलो. मागून आई म्हणाली, "डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटतंय गं." एसी पूर्ण सोडलेला. पाय गार, टाळू तापलेली.

कारण साधं आहे. मेच्या मध्याला ठाण्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. पुन्हा तसा येतो जुलैअखेरीस, पण तेव्हा ढग असतात. सूर्य डोक्यावर असताना बाजूच्या खिडक्यांतून ऊन फारसं आत येतच नाही, येतं ते छतातून. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट पडतात, म्हणजे इस्त्री चालू ठेवावी तेवढे. कंपनीची गडद काच त्यातलं बरंच अडवते, पण उरतं तेही कमी नसतं. "मग पडदा ओढायचा!" ओढायचाच, फुकट आहे. पण पडदा काचेच्या आत असतो. ऊन काच ओलांडून आलेलं असतं, मग पडदाच तापतो आणि खाली धग सोडत बसतो.

दुकानात गेले तर तिथे तांबडा दिवा. दिवा आणि हात यांच्या मध्ये फिल्मचा तुकडा धरला की हाताला काहीच लागत नाही. "बघा मॅडम, 97 टक्के इन्फ्रारेड कट!" दिव्याला नमस्कार करून सांगते, त्यावर भुलू नका. त्या दिव्याची बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेडच, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरणच असते, उन्हाची जेमतेम निम्मी. उरलेली बरीचशी आपल्याला दिसणाऱ्या उजेडातच असते. शिवाय तो टक्का पुष्कळदा इन्फ्रारेडच्या एका अरुंद पट्ट्यापुरताच मोजलेला असतो. विचारायचा आकडा वेगळा: टीएसईआर, म्हणजे उन्हाच्या एकूण ऊर्जेतली किती अडते. मी विचारला तेव्हा त्याने खोकं उलटंपालटं करून शोधला. बराच लहान निघाला.

आणि अडलेली उष्णता जाते कुठे? सिरॅमिक फिल्म, म्हणजे सिरॅमिकचे बारीक कण असलेली, ती मुख्यतः शोषते, परतवते थोडी. म्हणजे काच जास्त तापते. गाडी धावत असेल तर वारा ती धग बाहेरच्या बाहेर नेतो. उभी असेल तर त्यातली बरीच हळूहळू आत झिरपते. म्हणून उन्हात तीन तास उभी केलेली गाडी फिल्म असूनही भट्टीच होते. तिला सावलीच हवी. (मेट्रोच्या कामापायी आमच्या घोडबंदर रोडला गाडी 'चालू' असते, चालत नसते, हा आपला वेगळा भोग.) पण फिल्मनंतर टाळूवरची ती थेट झळ मात्र बोथट झाली, आणि एवढ्यासाठीच मी ती लावली.

लावताना एक घोळ झाला. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांच्यावर फिल्म नीट चिकटत नाही. पहिल्या कारागिराने ती थेट रबरापर्यंत ताणली, आठवड्यात कडा पांढुरकी होऊन सुटली. दुसऱ्याने ठिपक्यांच्या अलीकडेच कापली, ती अजून तशीच आहे. त्यानेच आधी काच कुठल्या प्रकारची ते कळायला तिच्या कोपऱ्यातला शिक्का बघितला. लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या दुपदरी काचेवर फार उष्णता शोषणारी फिल्म लावली, तर ताण येऊन काच तडकू शकते. साबणाच्या पाण्यावर फिल्म बसवतात, ते पाणी सुकेपर्यंत सनरूफ उघडायचं नाही. म्हणून हे काम जूनच्या आत उरका, दमट हवेत फिल्मखालच्या पाण्याचे बुडबुडे जाता जात नाहीत.

"पोलीस पकडतात का?" खिडक्यांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी घातली. मोटार वाहन नियमात पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड यायला हवा असं आहे. छताच्या काचेचा आकडा त्यात नाही. मी खिडक्यांना हात लावला नाही.

तरी खात्री करायची असेल तर इंटरकॉम करा. फक्त सकाळी येऊ नका, काही कळणार नाही. दुपारी साडेबाराला गेटबाहेर गाडी काढते, मागे आईच्या जागेवर बसा आणि माजिवड्यापर्यंत चला.