‘तपशील’ खोडून ‘किरकोळ बाब’

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी फ्रान्सच्या अतिउजव्या नॅशनल फ्रंट पक्षाचे संस्थापक ज्याँ-मारी ल पेन यांच्या निधनाची बातमी डेस्कवर आली. वय ९६. परदेशाच्या पानावर तीन कॉलम मोकळे केले. पान साडेदहाला सोडायचं होतं. पहिली कॉपी हातात आली तेव्हा तिच्यातल्या तीन चुका लगेच खटकल्या. त्या दुरुस्त करण्यातच संध्याकाळ गेली.

पहिली चूक एका शब्दाची. १३ सप्टेंबर १९८७ च्या रेडिओ मुलाखतीत ल पेन यांनी नाझींनी ज्यूंना मारण्यासाठी वापरलेल्या गॅस चेंबर्सना ‘प्वँ द देताय’ म्हटलं होतं. इंग्रजी वृत्तसंस्था त्याचं ‘डिटेल’ करतात आणि आपण सवयीने ‘इतिहासातील एक तपशील’ लिहून मोकळे होतो. मराठीत तपशील हा वजनदार शब्द आहे. आपण तपशील मागतो, तपशिलात शिरतो. त्या वाक्यात मात्र लाखो माणसांचा मृत्यू बाजूला सारला होता. कॉपीत ‘किरकोळ बाब’ केलं आणि मूळ फ्रेंच शब्द देवनागरीत शेजारी ठेवला.

दुसरी चूक त्याच कॉपीत पुढे होती: ‘होलोकॉस्ट झालाच नाही असे म्हणणारे नेते’. त्या मुलाखतीत ते तसं म्हणाले नव्हते. गॅस चेंबर्स नव्हते असं मी म्हणत नाही, मला स्वतःला ते पाहता आले नाहीत, या विषयाचा मी खास अभ्यास केलेला नाही, अशी ती मांडणी होती. नकार द्यायचा नाही, फक्त शंका पेरून ठेवायची. आपण ‘झालाच नाही’ छापलं की समर्थक विचारतात, ‘दाखवा, कुठे म्हणाले?’ आणि खरा आरोप त्या वादात हरवतो. म्हणून विधान आणि शिक्षा शेजारीशेजारी लावल्या. १९८७ च्या विधानाबद्दल व्हर्सायच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये १२ लाख फ्रँक भरायला लावले. १९९७ मध्ये म्युनिकला ते म्हणाले, हजार पानांच्या पुस्तकात छळछावण्यांना दोन पानं मिळतात आणि गॅस चेंबर्सना दहापंधरा ओळी. एप्रिल २०१५ मध्ये पुन्हा तेच. त्यासाठी २०१६ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ३०,००० युरो दंड केला. गुन्ह्याचं नाव होतं ‘मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना आव्हान देणे’. फ्रान्समध्ये हा गुन्हा १९९० च्या कायद्याने आला, त्यामुळे १९९१ च्या निकालाला ते कलम चिकटवता येत नाही. आणि फ्रँक व युरो एका बेरजेत घालायचे नसतात. घाईत तेही होतं.

तिसरी चूक फोटोओळीत होती: ‘वडिलांचा ज्यूद्वेषी वारसा चालवणारी कन्या’. ती कन्या म्हणजे मारिन ल पेन, त्या तेव्हा हिंदी महासागरातल्या मायोत या फ्रेंच बेटावरून परतीच्या प्रवासात होत्या. बापाच्या तोंडचं वाक्य मुलीच्या कपाळावर चिकटवायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. पण बाप जन्माने मिळतो आणि पक्ष मात्र स्वतः पुढे होऊन घेतलेला असतो. १९७२ मध्ये वडिलांनी सहकाऱ्यांसह काढलेला पक्ष मारिन यांनी जानेवारी २०११ मध्ये हाती घेतला. त्या संस्थापकांत नाझींच्या वाफेन-एसएस या सशस्त्र दलात राहिलेला माणूसही होता. म्हणून एकच प्रश्न धरला: खुर्चीवर आल्यानंतर त्या स्वतः काय बोलल्या, काय केलं, कोणाला नेमलं?

चौकट त्यावरच बांधली. छावण्यांत जे घडलं तो क्रौर्याचा कळस होता, हे त्यांचं २०११ चं विधान. एप्रिलमधल्या त्या विधानानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये वडिलांची पक्षातून हकालपट्टी. हे दोन्ही त्यांच्या बाजूचं, म्हणून आधी. मग ९ एप्रिल २०१७: वेल दिव्हच्या धरपकडीला फ्रान्स जबाबदार नाही, असं त्या म्हणाल्या. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिस परिसरात १३,१५२ ज्यूंना धरलं, त्यांत ४,११५ मुलं होती. धरणारे पोलीस फ्रेंच होते आणि राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी १९९५ मध्येच ती जबाबदारी मान्य केली होती. हे वाक्य वडिलांचं नाही, त्यांचं स्वतःचं आहे.

त्याच महिन्यात त्यांच्या जागी हंगामी अध्यक्ष म्हणून ज्याँ-फ्रान्स्वा जाल्क आले आणि काही दिवसांत बाजूला झाले. झायक्लॉन-बीने, म्हणजे गॅस चेंबर्समध्ये वापरलेल्या हायड्रोजन सायनाइडच्या कीटकनाशकाने, सामूहिक हत्या तांत्रिकदृष्ट्या अशक्य, असं जुनं विधान त्यांच्या नावावर निघालं. आपण तसं म्हणालोच नाही, हा त्यांचा खुलासाही छापला. पण असा दावा नुसता अवतरणात ठेवून पुढे जायचं नसतं, शेजारी आकडे हवेत. हायड्रोजन सायनाइडचं हवेतलं प्रमाण दशलक्षात सुमारे ३०० भाग झालं की माणूस काही मिनिटांत मरतो. छावण्यांत याच विषाने कपड्यांतल्या उवाही मारत, त्याला १६,००० भागांपर्यंत आणि कित्येक तास लागत. म्हणून उवा मारण्याच्या खोल्यांच्या भिंतींत सायनाइडचे अंश जास्त सापडतात, आणि नाकारणारे याच फरकाचं भांडवल करतात. ऑशविट्झ-बिर्केनाऊ छावणीचे गॅस चेंबर्स उद्ध्वस्त झाल्यावर त्यांचे अवशेष अनेक दशकं पावसात पडून होते. तरीही पोलंडमधल्या क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेला १९९४ च्या अहवालात तिथे सायनाइडची संयुगं मिळाली. राहण्याच्या बराकींतल्या नमुन्यांत मिळाली नाहीत.

जागा संपली तेव्हा बालपणाचा परिच्छेद काढला, हे आकडे ठेवले. फोटोओळीत नाव, तारीख आणि स्थळ एवढंच राहिलं.

पाच दिवसांनी मारिन यांची मुलाखत आली. वडिलांना पक्षातून काढण्याच्या निर्णयाबद्दल स्वतःला कधीच माफ करणार नाही, कारण त्याने त्यांना अतोनात दुःख झालं, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य आम्ही पूर्ण, कारणासकट छापलं आणि २०१५ ची हकालपट्टी कशावरून झाली होती ते त्याच्या खालीच दिलं.