परळला चुका, फ्रँकफर्टलाही चुका

गुड फ्रायडेला सकाळी आईला फोन लावला तेव्हा परळला साडेअकरा वाजले होते आणि इथे फ्रँकफर्टला मी नुकता चहा टाकला होता. मागच्याच रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे आता आमच्यात साडेतीन तासांचंच अंतर आहे.

"काय करतोयस रे?"

"चुका निवडतोय."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "तिकडे कुठला चुका?"

फ्रँकफर्टची हिरवी चटणी प्रसिद्ध आहे, ग्र्यूने झोसे. सात प्रकारचा पाला बारीक चिरून सायीच्या आंबट दह्यात कालवतात आणि उकडलेली अंडी, बटाटे यांच्याबरोबर खातात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तर घरोघरी. मंडईत हे सातही पाले पांढऱ्या कागदात गुंडाळून मिळतात. त्यातलं एक पान मी पहिल्या वर्षी सहज चावून पाहिलं, दात आंबले आणि दादरच्या भाजीवाल्या मावशीच समोर उभ्या राहिल्या. झाउअरआम्फर म्हणतात त्याला. आपल्या चुक्याच्याच कुळातला; पान फक्त लांबट, देठाशी बाणाच्या टोकासारखं. या वर्षी क्लाइनमार्क्टहाले या इथल्या मंडईत गुरुवारीच त्याच्या दोन जुड्या घेऊन ठेवल्या.

गुरुवारीच, कारण शुक्रवारी दुकानं बंद. शनिवारी उघडतात, रविवारी बंद, सोमवारी पुन्हा बंद. पहिल्या वर्षी मला याचा भयंकर राग आला होता. घरात मीठ संपलेलं आणि अख्ख्या गल्लीत एक दुकान उघडं नाही. आमच्या बिल्डिंगखालचा वाणी रात्री दहाला अर्धं शटर ओढूनसुद्धा खोबरेल तेलाची बाटली बाहेर काढून द्यायचा. पुढे कळलं की इथे हे थेट राज्यघटनेत आहे. रविवार आणि सणाचे दिवस कामातून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे म्हणून राखलेले, हे कलम 1919 च्या वायमार घटनेतलं, 1949 च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायला जायचं नाही. मला ते पटलंय. त्या वाण्याला कधी सुट्टी असायची का, हा प्रश्न मला परळला असताना एकदाही पडला नव्हता.

पण सगळंच पटलंय असं नाही. एका रविवारी मी खलबत्त्यात ठेचा कुटला, तर संध्याकाळी दाराला चिठ्ठी. खाली सहीसुद्धा नाही. आमच्या मजल्यावर ठेच्याचा आवाज आला की शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या. ती चिठ्ठी मला अजून लागते. आता सुट्टीच्या दिवशी मी लसूण सुरीनेच बारीक करतो.

"फोन ठेवू नकोस," आई म्हणाली. दादाला तिने खाली पिटाळलं, दहा मिनिटांत तो चुका घेऊन आला. वहिनीने फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोन्हीकडे एकच भाजी सुरू झाली. डाळ-दाणे आधीच शिजवून घेतलेले. चुका टाकला की मिनिटभरात हिरवा रंग जातो, शेवाळी-मातकट होतो. दरवेळी माझा जीव खाली-वर होतो. "जाऊ दे, तो चुका आहे, रंग जाणारच. बेसन लाव आणि घोट," आई म्हणाली. मग गूळ, आणि वरून लसूण-सुक्या मिरचीची फोडणी. मोहरी तडतडली ती आधी परळला, मग इथे.

लांब राहून आईला विसरला, असं नातेवाईक बोलतात. मी मुंबईत होतो तेव्हा अंधेरीहून नऊला घरी यायचो, ताट वाढलेलं असायचं, जेवून झोपायचो. रविवारी सगळे घरी, म्हणून तिला काम दुप्पट. तिच्याबरोबर एक भाजी मी तेव्हा केली नाही. त्या शुक्रवारी दोन तास केली. हे लांब आल्यामुळेच झालं, असं मला मनापासून वाटतं, आणि तरी तिच्या हातचं ताट इथे नाही ते नाहीच.

सोमवारी मला सुट्टी, मुंबईला नाही. दादा-वहिनी कामावर गेलेले, आई एकटी. तिला दुपारचं ताट दाखवलं: उरलेली भाजी, भात, तव्यावर भाजलेला पापड.

"जरा जवळ धर," ती म्हणाली. नीट पाहिलं. "दाणे कमी घातलेस."

खरंच कमी होते. डब्यात तेवढेच उरले होते आणि दुकानं मंगळवारी उघडणार होती.